शाहूपुरीतलं सोलारवालं घर

अहो वहिनी, ते वाळवण राहू द्या घटकाभर, इकडे या कुंपणापाशी. काल लेकीसाठी घर बघून आलो. साताऱ्यातच, शाहूपुरीत. रो-हाऊस झकास आहे हो, पण त्या मालकांची सगळी मदार वरच्या सोलारवर! दारात चपला काढतोय तोवर हातात लाइटबिल. मे महिन्याचं. स्थिर आकार आणि वर चार किरकोळ रुपये. जावईबापू तिथेच विरघळले. मी कोपराने ढोसलं, तरी मान डोलतेच आहे.

मी म्हटलं, मेचं बिल काय दाखवता? जुलै-ऑगस्टचं काढा. यवतेश्वराच्या बाजूने ढग उतरले की आपल्याकडे दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. शिवाय सोलारचा हिशोब वर्षाचा असतो. उन्हाळ्यातली जास्तीची वीज महावितरणकडे जाते, ती युनिटं आपल्या खात्यावर साठतात आणि पावसाळ्यात तीच वळती होतात. ३१ मार्चला खातं मिटतं. उरलीसुरली युनिटं ते कमी भावाने घेतात आणि एप्रिलपासून पाटी कोरी. म्हणून बिलं मागायची तर बाराही महिन्यांची.

ती काढली त्यांनी, नाही म्हणणार नाही. सगळी कमीच. पण घरात माणसं किती? दोघं म्हातारा-म्हातारी. एसी नाही, गिझर नाही, रात्री नऊला दिवे बंद. त्यांना सोलार नसतं तरी बिल बेताचंच आलं असतं! आमच्या लेकीकडे दोन एसी, वर विजेची स्कूटर. बिलावरून माणसं कशी राहतात ते कळतं हो. वरची पॅनल किती काम करतात ते कसं कळणार?

ते कळतं इन्व्हर्टरवर. जिन्याखाली भिंतीला डबा असतो बघा, छोट्या पडद्याचा. त्यावर बसवल्यापासून एकूण किती युनिटं झाली तो आकडा येतो. मालकांना बटण कुठलं तेच ठाऊक नव्हतं, नातवाने दाबलं. आता ३ किलोवॉटचं सोलार म्हणजे सरासरीने दिवसाला १२ युनिटं धरा, वर्षाला ४,००० च्या वर. बसवून झाली दोन वर्षं. म्हणजे ८,००० तरी हवीत की नको? आकडा होता ५,६०० च्या आसपास. मालक म्हणतात, यंदा ढगाळच होतं.

म्हटलं चला गच्चीवर. तिथे उत्तर उभंच होतं! शेजारच्याने नवा मजला चढवलाय आणि त्यावर पाण्याची टाकी. तीन वाजले नाहीत तोच सावली दोन पॅनलवर. ती सगळी एका माळेत जोडलेली असतात. बैलगाड्यांच्या रांगेत पुढची अडली की मागच्या खोळंबतात ना, तसं होतं. वर कबुतरांची कृपा निराळीच, खाली पिसं-काटक्यांचं घरटं. वर्षभरात फडका फिरला नसावा. घाण धुता येईल, पण शेजाऱ्याचा मजला कोण उतरवणार?

आणि लेकीने भाबडेपणाने विचारलं, वीज गेली तरी पंखे चालतील ना? मालक म्हणाले, हो हो! मी बघतच राहिले. बॅटरी आहे कुठे? साध्या ऑनग्रिड सोलारमध्ये बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच गच्चीवरून शॉक बसायचा. डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद, अशी गत.

भाव? सोलारचे दोन लाख वेगळे मागतात! सूर्यघर योजनेतून ७८,००० परत मिळाले, त्याचं नावच नाही. ती सवलत घेऊन झाली, आपल्याला त्याच सोलारवर पुन्हा थोडीच मिळणार? कर्ज काढून बसवलं होतं का विचारलं, तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा बँकेचा कागद आणल्याशिवाय इसाराचं नाव काढायचं नाही, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. नेटमीटरचा करारही मालकांच्याच नावावर. मीटर आपल्या नावावर करताना तोही करून घ्यायला हवा. वॉरंटीची कागदपत्रं आणि बसवणाऱ्याचं ५ वर्षांच्या देखभालीचं पत्र म्हणे मुलाकडे पुण्यात आहे. बघू, येतंय का.

नाही हो, घर सोडणार नाहीत. जावईबापूंचं मन बसलंय, आणि स्वयंपाकघर मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? पण सोलारचा भाव पाडायचा. शिवाय पॅनलच्या सांगाड्याचे पाय स्लॅबला भोकं पाडून ठोकलेत, आणि बरोबर त्याच्याखाली माडीवरच्या खोलीत छताला नवा रंग. नेमका तेवढ्याच कोपऱ्यात! पाणी झिरपत असणार, दुसरं काय.

म्हणून तर तुम्हाला हाक मारली. तुमचे मोठे दीर महावितरणमधून रिटायर झालेत ना? रविवारी दहाला न्यायचंय त्यांना. अर्थिंग बघतील, मंजूर भार पुरतो का सांगतील, आणि मालक त्यांच्यापुढे ढगांच्या गोष्टी सांगणार नाहीत. जेवायला आमच्याकडेच म्हणावं. पुरणपोळी करते.