वही कोणाची?

अकरावी कॉमर्सला येणाऱ्या मुलांचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिला प्रकार सायन्सला टक्के कमी पडले म्हणून येतो. दुसरा, आर्ट्सला गेलो तर मामा काय म्हणेल, या भीतीने येतो. तिसऱ्याला सीए व्हायचं असतं. म्हणजे त्याला नव्हे, त्याच्या घरच्यांना. या तिन्ही प्रकारांना पावसाळ्यातल्या दमट दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला एकत्र बसवून हिशेब शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

विषयाचं सरकारी नाव 'पुस्तपालन आणि लेखाकर्म'. दहावीतून नुकत्याच आलेल्या पोराला हे नाव शेळीपालन, कुक्कुटपालन यांच्या ओळीतलं वाटतं. अनुदान मिळतं का, एवढंच विचारायचं बाकी असतं. मुलं त्याला 'बीके' म्हणतात आणि मीही म्हणतो.

बीकेची सुरुवात फार झकास होते. तीन नियम असतात. घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं जमा. येईल ते नावे, जाईल ते जमा. खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा. पाढ्यांसारखे तालात म्हटले की आठवड्याभरात सगळ्या वर्गाला पाठ होतात. रोजकीर्दीचे रकाने आखण्यात तर मुलांना कोण आनंद! पट्टी, पेन्सिल, काहींची दोन रंगांची पेनं. तारीख, तपशील, नावे, जमा, आणि मधोमध खाते पान क्रमांकाचा रकाना. हा मधला रकाना आजवर कोणीही भरलेला मी पाहिलेला नाही. पण तो आखला नाही तर गुण जातात. सरकारी इमारतीतल्या तक्रारपेटीला जे स्थान, तेच याला.

'सर, हे सगळं शोधलं कोणी?' हा प्रश्न दरवर्षी येतो. विचारणाऱ्याच्या सुरात जिज्ञासेपेक्षा सूडभावना जास्त असते. मी लुका पाचोली हे नाव सांगतो. त्याने ही द्विनोंदी पद्धत शोधली नाही. व्हेनिसचे व्यापारी आधीपासून जसे हिशेब ठेवत, ते त्याने १४९४ मध्ये आपल्या गणिताच्या जाडजूड ग्रंथात व्यवस्थित लिहून छापलं. हा माणूस फ्रान्सिस्कन साधू होता. म्हणजे ज्याने स्वतःची मालमत्ता ठेवायची नाही, त्याने जगाला मालमत्ता कुठल्या बाजूला लिहायची ते शिकवलं. शिवाय तो लिओनार्दो दा विंचीला गणित शिकवायचा. हे ऐकून वर्ग माझ्याकडे बघतो आणि मी वर्गाकडे. दोन्ही बाजूंना एकच विचार येत असावा, पण कोणी बोलत नाही.

खरा घोटाळा सुरू होतो तो पहिल्या साध्यासुध्या व्यवहारापाशी. 'मालकाने एक लाख रुपये आणून व्यवसाय सुरू केला.' रोख नावे, भांडवल जमा. इथवर ठीक. मग मी फळ्यावर ताळेबंद काढतो आणि मालकाचं भांडवल देण्यांच्या बाजूला लिहितो. यंदा इथे एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांचं स्टँडजवळ किराणा दुकान आहे.

'सर, पैसे पप्पांचे ना?'

'हो.'

'दुकान पप्पांचं ना?'

'हो.'

'मग देणं कुणाचं?'

'दुकानाचं.'

'कुणाला?'

'पप्पांना.'

'म्हणजे पप्पा पप्पांचे पैसे लागतात?'

वर्ग हसला. मी नेहमीचं वाक्य टाकलं, 'आधी बघ, वही कोणाची आहे? वही पप्पांची नाही, दुकानाची आहे. दुकानाच्या दृष्टीने पप्पा म्हणजे एक बाहेरचा माणूस, ज्याने पैसे दिलेत.' मुलगा बसला, पण पप्पांना बाहेरचा माणूस म्हटल्याचं त्याच्या मनातून गेलं नाही. सगळ्या विषयाची ग्यानबाची मेख इथेच आहे. नावे-जमा कोणालाही येतं. मालक वेगळा आणि धंदा वेगळा, हे मात्र आपल्याकडे कोणाच्या पचनी पडत नाही. गल्ल्यातला हात खिशात आणि खिशातला गल्ल्यात, यालाच आपण व्यवहार म्हणत आलो.

आता पाठ्यपुस्तकातला मालक बघा. हा गृहस्थ एक एप्रिलला धंदा सुरू करतो आणि माल आणण्याआधी फर्निचर आणतो. मुलाची फी दुकानातून भरतो. दोन हजारांचा माल घरी नेतो, पाचशेचा नमुना म्हणून फुकट वाटतो. वर्षअखेरीला त्याच्या गोदामाला न चुकता आग लागते. ती सगळा माल जाळत नाही. आठ हजारांचा जाळते आणि विमा कंपनी पाच हजारांचा दावा मान्य करते. त्याचा एक ऋणको हमखास दिवाळखोर होतो आणि रुपयामागे चाळीस पैसे देऊन कायमचा नाहीसा होतो. एका मुलीने विचारलं, 'सर, एवढं होऊन हा माणूस दुकान बंद का करत नाही?' मी म्हटलं, 'बंद केलं तर पुढच्या प्रश्नात घसारा कशावर काढणार?'

उधारी हा आणखी नाजूक विषय. उरलेल्या उधारीवर पाच टक्के संशयित कर्ज निधी काढायचा असतो. मुलं त्याला लाडाने 'आरडीडी' म्हणतात. किराणावाल्या मुलाचं म्हणणं, पाच टक्के फार कमी. आमच्या गल्लीत निम्मे लोक संशयित आहेत. मी म्हटलं, तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात. तेव्हापासून महाराष्ट्रात उधारी बुडवणारा ताठ मानेने फिरतो आणि मागायला जाणाऱ्यालाच अपराध्यासारखं वाटतं.

वही कोणाची, हा प्रश्न बँकेपाशी आला की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. वर्गात सांगतो, बँकेत पैसे भरले की आपल्या रोकडपुस्तकात बँकेची रक्कम नावे बाजूला. लगेच मागच्या बाकावरून मोबाइल वर होतो (तासाला मोबाइल आणायचा नसतो, पण पुरावा म्हणून चालतो). 'सर, शिष्यवृत्ती जमा झाली तेव्हा बँकेचा मेसेज आला, अकाउंट क्रेडिटेड. बँक चुकली का?' बँक चुकलेली नाही. ती तिच्या वहीत लिहिते. तुझे पैसे तिच्याकडे आले म्हणजे ती तुझं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत तू जमा बाजूला. तुझ्या वहीत ती तुझी येणेकरी… 'देणेकरी, सर.' 'तू येणेकरी, ती देणेकरी.' इथे निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघू लागतो आणि बँक जुळवणी पत्रक हा धडा रीतसर सुरू होतो. तोच व्यवहार, दोन वह्या, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं. ज्यांच्या घरात सासू-सून एकत्र नांदतात, त्या मुलांना हा धडा लवकर कळतो.

मग तेरीज पत्रक. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की वर्गातून 'टॅली झालं!' अशी आरोळी उठते. नाही आली तर पोरं फरकाची रक्कम निर्लज्जपणे सस्पेन्स अकाउंटला टाकून मोकळी होतात. अशा वेळी मी एकनाथ महाराजांची कथा सांगतो. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेब बघताना एका पैचा फरक लागेना म्हणून नाथ रात्रभर जागले, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर किती होईल! कथेतला परमार्थ वर्गाला पोचतो. फक्त एका हुशाराने विचारलं, 'सर, त्या वेळी सस्पेन्स अकाउंट नव्हतं का?'

एक युक्ती मात्र मुलांना मनापासून आवडते. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की बहुतेक वेळा आकडे उलटसुलट पडलेले असतात. ५४० च्या जागी ४५० लिहिलं की फरक ९०. जादूचा प्रयोग बघावा तशी मुलं बघतात. आणि दोन चुका एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या निघाल्या तर तेरीज पत्रक बिनतक्रार जुळतं, हे सांगताच वर्गाचा चेहरा उजळतो. 'म्हणजे सर, एक चूक केली तर आणखी एक करायची!' हे लक्षात राहण्यासाठी त्यांना उजळणी लागत नाही.

बारावीत भागीदारी येते आणि विषयात माणसं शिरतात. एक भागीदार निवृत्त होतो, एक मरण पावतो. तो बहुधा ३० सप्टेंबरला मरतो, म्हणजे नफ्याचा हिस्सा बरोबर सहा महिन्यांचा काढता येतो. गेल्या गेल्या बाकीचे दोघे फर्निचरचं पुनर्मूल्यन करतात, यंत्रावर दहा टक्के कमी करतात, ख्यातीची किंमत ठरवतात आणि त्याचा हिस्सा वारसाच्या कर्ज खात्याला वळवतात. कोणी रडत नाही, कारण रडण्याला रकाना नाही. 'दहाव्याचा खर्च कुठल्या खात्याला, सर?' असं विचारणारा वर्गात एक असतोच. वही फर्मची असेल तर घरच्यांनी करावा, हे उत्तर त्याला निर्दय वाटतं, पण गुण त्यालाच मिळतात.

या विषयात लेखी परीक्षेच्या ऐंशी गुणांखेरीज वीस गुण तोंडी परीक्षेचे आणि प्रकल्पाचे असतात. प्रकल्प म्हणजे बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या मुलाची फाइल, नवं कव्हर लावून. आमच्या किराणावाल्याने मात्र बारावीची वाट न बघता स्वतःच्या हौसेने 'आमच्या दुकानाचा हिशेब' सुरू केला. मला फार बरं वाटलं. पुढच्याच आठवड्यात त्याचे वडील स्टाफरूमच्या दारात उभे. मागे आई, हातात भाजीची पिशवी. आणि त्यांच्या मागे मुलगा, हातात वही.

'सर, पोराला काय शिकवताय हे? गल्ल्यातनं भाजीला दोनशे घेतले तर म्हणतो, पप्पा, उचल लिहू का? दाढीचं ब्लेड घेतलं, तेपण लिहिलं. माझ्या दुकानात मीच चोर झालो!'

मी त्यांना खुर्ची दिली आणि वही कोणाची, हे समजावलं. दुकान वेगळं, तुम्ही वेगळे. माणूस हुशार निघाला. थोडा वेळ विचार करून म्हणाला, 'मग दुकानानं मला पगार द्यायला पाहिजे. तो कुठं लिहिलाय?'

'एकट्या मालकाला पगार नसतो. उरेल तो नफा तुमचा.'

'यंदा नफ्यापेक्षा उचल जास्त आहे, पप्पा,' मुलगा वहीत बघून म्हणाला. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ती जास्तीची उचल मीच केली असावी.

इतका वेळ गप्प असलेल्या आईने पिशवी खाली ठेवली. 'दुपारी एक ते पाच दुकानात मी बसते. ते कुठल्या पानावर लिहिलंय?'

मुलाने पानं उलटली. माझ्याकडे पाहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांपुढे लावतो तसा आवाज लावून मी म्हणालो, 'त्याचं काय आहे, वहिनी, ज्याची किंमत पैशात ठरलेली नाही, त्याची नोंद पुस्तकात होत नाही.' हे नियमाला धरून होतं. वहिनींच्या चेहऱ्यावरून मात्र नियम तिथेच मोडीत निघाला होता.

'सर,' मुलाला एकदम सुचलं, 'आईला भागीदार करून घेतलं तर?'

'घेता येईल की. बारावीचा धडाच आहे. नव्या भागीदाराने भांडवल आणायचं, शिवाय ख्यातीतल्या हिश्शाचे पैसे जुन्या भागीदाराला द्यायचे.'

'ख्याती म्हंजे?' आईने विचारलं.

'दुकानाचं नाव गं. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात न जाता आपल्याकडेच का येतं, त्याची किंमत.'

आईने नवऱ्याकडे एकवार नीट पाहून घेतलं. 'यांचं तोंड बघून येतंय होय? उधारीचे चार पैसे परत येतात ते कुणाच्या शब्दावर? मग पैसे मी का म्हणून आणायचे? ह्यांनी आणायचे!'

मुलाने पेनाचं टोपण काढलं. 'किती लिहू?'

वडील माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, 'सर, हा धडा ऑप्शनला टाकता येतो का?'

म्हटलं, 'परीक्षेत येईल एकवेळ. घरी नाही.'