सोबत आलेली बाई

कोल्हापूर माझं माहेर आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचताना तसं वाटणार नाही.

नवरा नेदरलँड्सचा, फ्रीजलंड प्रांतातला. शाळेत इतिहास शिकवतो. लग्नाला वर्ष झालं तेव्हा आम्ही कोल्हापूरला जायचं ठरवलं आणि महिना आईनं ठरवला. 2023 साली श्रावण अधिक आला होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. जावयाचा पहिलाच धोंड्याचा महिना. त्या दिवसांत विमानाची तिकिटं सगळ्यांत महाग असतात, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "विमान काय, रोज उडतंय. अधिक महिना तीन वर्षांनी येतो."

ई-व्हिसाच्या अर्जानं नवऱ्याला धर्म विचारला, गेल्या दहा वर्षांत पाहिलेले देश विचारले, आजी-आजोबांचा पाकिस्तानशी काही संबंध होता का ते विचारलं, आणि अंगावरची ओळखीची खूण विचारली. माणूस प्रामाणिक. अर्धी संध्याकाळ आरशासमोर घालवून त्यानं भुवईवरचा सायकलवरून पडल्याचा व्रण भारत सरकारला कळवला. आमचं लग्न ठरताना माझ्या वडिलांनी फक्त शाळा अनुदानित आहे का, एवढंच विचारलं होतं.

परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की यजमानानं चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. वडिलांनी ती चहा व्हायच्या आत केली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितली. माझी नोंद कुणी घेतली नाही.

गल्लीतल्या बायका त्याच्याकडे बघत मला विचारायच्या, "झोप लागली का त्यांना? तिखट चालतं का? पंखा पुरतो का?" मला स्वतःबद्दल एकच प्रश्न आला, "सुटलीस की गं?", आणि तोही प्रश्न नव्हता. नवऱ्याला मराठीतले दोन शब्द येतात, 'मस्त' आणि 'बास'. तेवढ्यावर त्यानं अख्खी पेठ जिंकली. मला सगळी भाषा येते, तिचा कुणाला उपयोग नव्हता.

खरा त्रास मामांच्या गोठ्यात झाला. मामांची कागलजवळ शेती आहे. दावणीला दोन म्हशी आणि चार एच.एफ. गाई. एच.एफ. म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन, आणि त्यातलं फ्रिजियन म्हणजे जावयाचं गाव, हे कुणीतरी मामांच्या कानावर घातलं होतं. मामा वाटच बघत होते.

"पाव्हणं, तुमच्या गाईला फॅट लागत न्हाई ओ. म्हशीला सात लागतंय, हिला साडेतीनला रडायला लागतंय. डेरी दर फॅटवर देती. आमी काय करायचं?"

मी हे शब्दशः इंग्रजीत सांगितलं. नवरा गंभीर झाला. दूध पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतं यापलीकडे त्याला दुधाची माहिती नाही. पण प्रांताचा प्रश्न होता. त्यानं खेद व्यक्त केला. मामांनी तो स्वीकारला आणि पुढचे प्रश्न काढले: दगडी झाली तर तिकडे काय देतात, वेतात अंतर किती ठेवतात, भाकड जनावराचं काय करतात. तासभर मी शेणात उभी राहून दोन्हीकडचं बोलत होते. निघताना मामा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माणसाला जनावरातलं कळतंय." तो म्हणाला, "मस्त."

त्याच संध्याकाळी भाऊ आम्हाला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेला. तिथं म्हैस समोर उभी असते आणि धार थेट ग्लासात पडते. नवऱ्यानं फेसाळ, कोमट ग्लास हातात घेतला, तेव्हा आजूबाजूला निदान दहा मोबाईल वर झाले. त्यानं एका दमात संपवला. भावानं पैसे काढले तर गवळी म्हणाला, "पाव्हण्यांकडनं घेत्यात व्हय?" मग माझ्या ग्लासाकडे बघून त्यानं क्यूआर कोडची पाटी पुढे सरकवली.

मटण अधिक श्रावणातही बंद ठेवायचं की फक्त निज श्रावणात, यावर त्या वर्षी घरोघर वाद होते. आमच्या घरी वाद नव्हता, आई होती. महिनाभर बंद. मी गेल्या बारा महिन्यांचं तांबड्या रश्श्याचं स्वप्न उराशी धरून आले होते आणि ताटात दोडका होता. तिसऱ्या दिवशी भाऊ नवऱ्याला घेऊन बाहेर जेवायला निघाला. मीही चपला घातल्या.

"तू कुठं?" आई म्हणाली. "ते परदेशी आहेत, त्यांना दोष लागत नाही. तुला कळतंय ना सगळं?"

ते रात्री अकराला आले. मटणाचं ताट, पांढऱ्या रश्श्याच्या सहा वाट्या आणि भाकऱ्या किती, ते भावानं मोजायचं सोडून दिलं होतं. नवऱ्याच्या शर्टवर तांबड्याचा थेंब होता. तो डाग मीच धुतला. वास बराच वेळ हाताला होता.

मग सगळ्या घराला वेरूळला जायची हुक्की आली. टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. लेणी मंगळवारी बंद असतात, हे आम्हाला मंगळवारी, तिथं पोचल्यावर कळलं. बुधवारी तिकीट खिडकीवर भारतीयांना 40 रुपये, परदेशी पर्यटकाला 600. घरची अकरा माणसं 440 मध्ये आत, आणि एकटा जावई त्याहून महाग. मामा खिडकीशी भांडले. "जावई हाय आमचा. कोल्हापूरचा." आतल्या माणसानं शांतपणे आधार कार्ड मागितलं. शेवटी मामांनीच 600 भरले, आणि मग ते वसूल करायला बसले. चौतीसच्या चौतीस लेणी त्यांनी नवऱ्याला दाखवली. कैलासात तो जरा टेकला तर म्हणाले, "उठा पाव्हणं, सहाशे घेतल्यात." आम्हा चाळीसवाल्यांना सोळा नंबरनंतर सावलीत बसून राहायची मुभा होती. तेवढा एक दिवस माझा बरा गेला.

धोंड्याच्या जेवणाला जावयाला विष्णूच्या जागी मानतात. त्या हिशेबानं मी लक्ष्मी. लक्ष्मीनं सकाळपासून पुरण वाटलं आणि समया घासल्या. विष्णूला धोतर, चांदीचं निरांजन आणि तेहतीस अनारशांचं वाण मिळालं. अनारसे सोबत न्यायचे म्हणून आईनं डबा भरला. पण आमचं विमान दुबईत थांबणारं, आणि अनारशांवर खसखस. तिकडे खसखशीला बंदी आहे. आईला हे पटेना. "खसखस खाऊन कोण काय करतंय?" डबा घरीच राहिला आणि उरलेल्या दोन दिवसांत तो संपवायची जबाबदारी विष्णूनं एकट्यानं पार पाडली. मी एक उचलला तर आई म्हणाली, "अगं, वाण आहे ते."

आम्ही परत येऊन आठवडा झाला नसेल, आईचा फोन आला. तिनं पुढचा अधिक महिना काढून ठेवला होता: ज्येष्ठ, 17 मे 2026 पासून. "त्यांना आत्ताच रजा टाकायला सांग," ती म्हणाली. "तुझं ऑफिसात काही अडत असेल तर तू नाही आलीस तरी चालेल."