शेवटची तीन अक्षरं

भाची मुंबईत डिझाइन शिकते. तिच्या वर्गातल्या मुलांनी घडवलेल्या टंकांचं प्रदर्शन झालं, आणि ते उतरवल्यावर तिच्या वाट्याचे तक्ते दिवाळीत आमच्या येलदरीला आले. ओसरीतल्या दोरीवर चिमटे लावून तिने ते टांगले. पहिल्या तक्त्यावर हातभर उंचीचा एकच 'क'. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाकीची कुठं गेली गं?"

बाकीची पुढच्या तक्त्यांवर होती, आणि ती काही थोडी नव्हती. इंग्रजीवाल्याची लहान-मोठी मिळून 52 अक्षरांत निम्मी सुटका होते. देवनागरीवाल्याच्या मागे जोडाक्षरांची वरात असते. शिवाय मराठीचे स्वतःचे हट्ट. आमच्या गावाच्या नावातला 'ल' पाकळीचा हवा, दांडीचा नको. 'श' देठाचा हवा. 2009 साली सरकारने तसा निर्णयच काढला. तरी संगणकावर येलदरी टंकली की पुष्कळदा हिंदी वळणाचा 'ल' येऊन बसतो आणि गाव परप्रांतात गेल्यासारखं वाटतं.

भाचीला या कामातली माणसं पाठ. 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी, त्यांच्यासाठी अक्षरं कोरणारे राणोजी आरू. तेव्हा पोलादावर अक्षर उलटं कोरावं लागे. चुकलं की रबराने खोडायची सोय नाही. मग र. कृ. जोशी, ज्यांनी पवईच्या आयआयटीत हा विषय शिकवला आणि ज्यांचा 'मंगल' टंक विंडोजमधून घरोघर पोचला. म्हणजे आपण जन्मभर ज्यांचं अक्षर वाचतो, त्यांचं नाव आपल्याला माहीत नसतं. स्वयंपाकघरातल्या बाईसारखंच हे.

तक्त्यांवर शब्द मात्र कसे, तर 'चांदणं', 'निर्झर', 'मौन'. प्रदर्शनातली अक्षरं नेहमी सणाचे कपडे घालून उभी असतात. मी म्हटलं, येलदरीत यांना कामाला लावून बघू. इथे 934 दलघमी पाण्याचं धरण आहे. ते भरलं आणि दरवाजे उघडायची वेळ आली की पूर्णाकाठच्या गावांना 'सतर्कतेचा इशारा' जातो. 'इशाऱ्याची पातळी', 'किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी मोटारी काढून घ्याव्यात': एवढ्याशा मजकुरात तो अर्धा, पापणीसारखा 'ऱ' तीनदा येतो. टंकात तो नीट नसेल तर ऐन पुरात 'शेतकऱ्यां'चे काहीतरी तुटके तुकडे पडायचे. भाचीने घाईघाईने लॅपटॉप उघडला. 'ऱ्या' शाबूत होता. 'ट्रॅक्टर'मधल्या 'ट्र'ला मात्र खालून काहीतरी लोंबत होतं, ते तिने मुकाट्याने वर ओढलं.

तेवढ्यात फराळाला पेंटर आले. येलदरी कॅम्पापासून जिंतुरापर्यंतच्या भिंती एके काळी यांच्याच हाताच्या. फ्लेक्स आला आणि ब्रश वळचणीला गेला. आता पोळ्याला बैलांची शिंगं आणि निवडणुकीला एखाददुसरी भिंत. त्यांनी चष्मा वर सारून एकेक तक्ता पाहिला. 'अ' जवळ थांबून हवेतच बोटाने त्याचं वळण गिरवलं. माझ्या मते प्रदर्शनात मिळालेल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा हा मोठा होता, पण भाचीचं लक्ष 'ट्र'कडे.

"अक्षर लई देखणं हाय, ताई," ते म्हणाले, "पन भिंत पंधरा फुटांची आन् नाव वीस फुटांचं, तर ह्ये काय करंल?"

आता रुंदी हवी तशी कमीजास्त होणारे टंक निघालेत, असं तिने समजावलं. सगळी अक्षरं सारखी आक्रसतात.

"सगळी कशाला?" पेंटरांना ते अन्यायाचं वाटलं. "सुरुवातीची ऐसपैसच पायजेत. मालकाचं नाव आसतंय तिथं. आवळायची ती शेवटची तीन. तेवढी तीन येगळी काढा."

भाची हसेल असं मला वाटलं. तिने वही काढली आणि विचारलं, "शेवटची तीनच का, काका? चार नाही?"

"चौथ्याला आवळलं की गिऱ्हाईक पैसे कापतंय," ते म्हणाले आणि चकली उचलली.