आदी मान्यवर

आमच्या माहेरी आजवर कोणाचाही अपमान झालेला नाही. इन्सल्ट मात्र पुष्कळ झाले. अपमान व्हायचा तर आधी काहीतरी घडावं लागतं. भर सभेत कोणी तोंडावर बोलावं लागतं, पानावरून उठवावं लागतं. इन्सल्टला एवढा खर्च येत नाही. दुसऱ्यांदा चहा विचारला नाही, झाला इन्सल्ट. पहिल्यांदाच ‘तुम्हाला साखर चालते ना?’ असं विचारलं, तरी झाला. शिवाय तो कोणी करावा लागत नाही. पडसं होतं तसा आपोआप होतो.

माझ्या थोरल्या आत्याला तो घरबसल्या व्हायचा. आत्या सातवी झालेली. तिच्याजवळ इंग्रजी शब्द मोजकेच होते: टाइम, पावडर, ब्लाउज आणि इन्सल्ट. लग्नघरातून परत आली की पायावर पाणी घेता घेता म्हणायची, “मला अगदी इन्सल्ट झाल्यासारखं वाटलं हो!” आणि असं म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे तेज चढायचं, ते पैठणी नेसूनही चढत नसे. तिचा हिशेब पक्का होता. ‘अपमान’ म्हटलं तर भांडण आलं, मग यजमानांना मध्ये पडावं लागणार आणि आमचे आतोबा कशातही मध्ये पडणारे नव्हते. ‘इन्सल्ट’ म्हटलं की नुसतं रुसायचं. समोरच्यानं येऊन ‘वन्सं, चला, पानं वाढलीत’ म्हणायचं, की प्रकरण मिटलं. दोन्ही पक्षांना जिलबी गरम मिळते.

मी या विद्येत आत्याच्या पुढे गेले, कारण मी लेखिका आहे. (हे वाक्य वाचकांसाठी नाही. परवाच्या समारंभातल्या सूत्रसंचालकासाठी आहे.) दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: ‘यावेळी अध्यक्ष अमुक, कार्यवाह तमुक, प्रायोजक ढमुक आदी मान्यवर उपस्थित होते.’ त्यातली आदी ती मी. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग लक्षात आलं, अमुक आणि तमुक एका दिवशी एकाच ठिकाणी हजर राहू शकतात. मी महाराष्ट्रात रोज सगळीकडे असते. उद्घाटनाला असते, रास्ता रोकोला असते, नेत्यांच्या वाढदिवसाला तर असतेच असते. एवढा व्याप सांभाळूनही सत्काराच्या वेळी बाकीच्यांना शाल देतात आणि माझी पाळी आली की ‘हारतुऱ्यांना फाटा देऊन’ हातात तुळशीचं रोप ठेवतात. फाटा द्यायचं नेमकं माझ्याच वेळी का सुचतं?

पण त्या साडीपुढे हे काहीच नाही. सासरकडच्या लांबच्या नात्यातलं लग्न होतं. मला मानाची साडी मिळाली. पिशवीची वरची कड पिवळी पडलेली, घडीवरची जर काळवंडलेली, पदराजवळ हळदीच्या बोटाचा ठसा. इथवर माझी काही तक्रार नाही. आहेरातली साडी नेसण्यासाठी नसते, फिरण्यासाठी असते, हे आपल्याकडे लहान मुलींनाही ठाऊक असतं. पण घडी उलगडली आणि आतून वहीच्या पानाची चिठ्ठी पडली. बॉलपेननं लिहिलेलं: ‘कुमुदवन्सं – मधली’. म्हणजे ही साडी कोणे एके काळी कुठल्याशा कुमुदवन्संसाठी काढून ठेवली होती आणि वरची, मधली, साधी या प्रतवारीत ती मधली होती. कुमुदवन्संना ती पोचली की नाही, देव जाणे. मला मात्र पोचली. फिरती साडी मी सहन केली असती. मधली?

माझा भाचा वकील आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, कलम आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं ५०४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५२. मुद्दाम अपमान करून समोरच्याला चिथावणं. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.” मी कागद-पेन घेतलं. तो पुढे म्हणाला, “पण त्या साडीमुळे तू सार्वजनिक शांतता भंग करशील किंवा दुसरा एखादा गुन्हा करशील, असा त्यांचा इरादा तरी हवा, नाहीतर त्यांना तशी कल्पना तरी हवी. घरातली शांतता तू भंग केलीस हे काका शपथेवर सांगतील, पण ती सार्वजनिक धरत नाहीत.” पोरगा हुशार आहे. माझ्यावर गेलाय.

मानापमानाचा विषय निघाला की १९२१ सालात जाऊन आल्याशिवाय मला राहवत नाही. घरचे या ठिकाणी उठून जातात. वाचकांनीही हवं तर पुढचे दोन परिच्छेद सोडावेत, मला त्याचा अजिबात... असो. खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ किर्लोस्कर मंडळींनी १२ मार्च १९११ रोजी रंगमंचावर आणलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते आणि पुढे वनमाला हे नाव घेऊन त्याच्याच छावणीत राहून त्याच्यावर भाळते. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची चिमुकली मुलगी गेली आणि तरी ते संध्याकाळी भामिनी होऊन उभे राहिले. ही हकिगत मी अनेकांना ऐकवली आहे, बहुधा माझं आडनाव कोणी चुकवलं त्या दिवशी. पुढे बालगंधर्वांनी बाहेर पडून स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. ललितकलादर्श गाजवायला केशवराव भोसले होतेच. दोन कंपन्या, दोन गळे आणि दोन्हीकडे जीव टाकणारे रसिक.

आणि ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी, हे दोघं एकाच रंगमंचावर आले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. नाटक कुठलं? तर नावातच मान आणि अपमान दोन्ही असलेलं. उत्पन्न सोळा हजारांच्या वर गेलं म्हणतात. आज हा बेत ठरवून पाहा. फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा, एकाला ‘प्रमुख उपस्थिती’ लिहिलं तर दुसऱ्याला ‘विशेष’ की ‘सन्माननीय’, इथेच आठ बैठका होतील आणि नवव्या बैठकीला कोणीच येणार नाही. त्या रात्रीबद्दल लोक गाण्यांच्या आठवणी सांगतात, वन्समोअर सांगतात. मला फक्त एक जाणून घ्यायचं आहे: विंगेत चहा आधी कोणाला दिला? ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. बहुधा दोघांपैकी कोणाच्या ते ध्यानातही आलं नसावं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. हे कितीही वेळा सांगितलं तरी या जागी माझा आवाज जरा बसतो. त्यामुळेच घरचे आधी उठून जात असावेत.

आता लिफ्टचं सांगते. आमच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. पुढची आरशाची, मागची पत्र्याची. खाली फळ्यावर कमिटीनं नोटीस लावली: ‘घरकामगार, डिलिव्हरी बॉय व पाळीव प्राणी यांनी मागील लिफ्टचा वापर करावा.’ आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुनीताताई एका सकाळी त्या नोटिशीपुढे उभ्या होत्या. मी दूध घेऊन आत येत होते. म्हटलं, “अहो, केवढं इन्सल्टिंग लिहिलंय हे!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, “ताई, मागची बंद हाये आज. जिन्यानं येते. भांडी भिजत घालून ठेवा तेवढी.”

मी म्हटलं, चला माझ्याबरोबर पुढच्या लिफ्टनं. त्या म्हणाल्या, “तुमी जावा. वॉचमनला बोलनी बसत्यात.” आणि त्या नऊ मजले चढून आल्या. वर आल्यावर पाणी मागितलं नाही. नेहमीप्रमाणे आधी ओटा घेतला. रोज त्या पुढच्या घरी साडेदहाला पोचतात, त्या दिवशी उशीर झाला म्हणून तिथल्या बाईंनी फोनवर जे सुनावलं ते मला हॉलमध्ये ऐकू येत होतं. सुनीताताई ‘हां वैनी, हां वैनी’ म्हणत राहिल्या. इन्सल्ट हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. रुसल्याही नाहीत. रुसून बसायचं तर समजूत काढायला कोणीतरी यावं लागतं.

मी त्याच दुपारी कमिटीला पत्र लिहिलं. खरंच सांगते, गेल्या काही वर्षांत माझ्या हातून इतकं चांगलं काही उतरलं नव्हतं. माणसं आणि कुत्री एका ओळीत बसवणाऱ्यांना मी त्यात सोडलेलं नाही. कमिटीनं पत्र फळ्यावर लावलंही. पण खाली नाव नाही, लेखिका नाही, काही नाही. नुसतं ‘फ्लॅट नं. ९०२ आदी रहिवासी’. आता या इमारतीत तरी मी आदी नसावं एवढी माफक अपेक्षा होती. आदीच्या आधी आले हीच काय ती बढती.

महिन्याभरानं नोटीस बदलली. सुधारित नोटिशीत ‘पाळीव प्राणी’ हे दोन शब्द गाळले आहेत. कुत्रेवाल्यांनी आपल्या मुलांचा इन्सल्ट झाल्याची लेखी तक्रार केली होती. ती कुत्री आता आरशाच्या लिफ्टनं येतात-जातात. बाकीची ओळ आहे तशीच आहे.