बारी तेरा सेकंदांची, गाडी दोन तासांची

चैत्र-वैशाखाच्या जत्रेत गाडी लावणे ही जुन्नर-आंबेगावची सर्वांत कमी अभ्यासली गेलेली लोककला आहे. तमाशावर ग्रंथ आहेत, बैलगाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. गाडी लावण्यावर यात्रा कमिटीच्या पत्रिकेत एक ओळही नसते. पहाटे अभिषेक, मग मांडव डहाळे, शेरणीवाटप, हारतुरे, पालखी, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी तमाशाची हजेरी, बैलगाडे आणि शेवटी कुस्त्यांचा आखाडा, असा सगळा क्रम वेळेसकट छापलेला असतो. यातल्या प्रत्येक कार्यक्रमाला येणारा माणूस कशात तरी बसून येतो आणि ते कुठे तरी ठेवावे लागते, ही गोष्ट कमिटीच्या ध्यानात येते ती पहिली गाडी देवळाच्या पायरीला टेकल्यावर.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण जत्रेची वेळच रान पाहून ठरलेली. गहू-हरभरा घरात आलेला, कांदा बराखीत पडलेला, हातात चार पैसे आणि शिवार मोकळे. बैलगाडी लावायची म्हणजे बैल सोडायचे, जू जमिनीला टेकवायचे आणि पुढ्यात वैरण टाकायची. गाडीखाली सावली, गाडीत अंथरूण. परतताना मालकाला डुलकी लागली तरी बैलांना घरची वाट ठाऊक. गाडी मागे घेण्याचा सवालच नव्हता. बैल ते मनावर घेत नसत.

ही व्यवस्था मोडली ती मोटारींमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली, पाटाला पाणी आले आणि जिरायत रान बागायत झाले. धरणांनी या भागाचे किती भले केले ते सगळे सांगतात. जत्रेचा वाहनतळ त्यांनीच बुडवला, हे कोणी बोलत नाही. आता ऐन चैत्रात ऊस डोक्याच्या वर उभा असतो आणि उन्हाळी टोमॅटो तार-काठीवर चढलेला असतो. जे रान रिकामे ते नांगरलेले, आणि त्यातल्या ढेकळांवर मोटार चढवणे म्हणजे चेंबरची परीक्षा. मग उरते ते भाऊबंदकीत अडकलेले पडीक. दावा कोर्टात असल्याने ते थोरला पेरत नाही आणि धाकटा पेरू देत नाही. ज्या गावाच्या जत्रेत गाड्या लावायला प्रशस्त जागा आहे, त्या गावातला खटला जुना असतो, असे समजायला हरकत नाही.

गाडी लावण्याची पहिली तालीम मात्र जत्रेच्या आधीच होते, आणि तीही नारायणगावला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून सन्मान मिळालेल्या तमाशा कलावतीचे. तमाशाची पंढरी म्हणून गावाची ख्याती आहे. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या कमिट्या सुपारी द्यायला येतात. सुपारी द्यायला एक माणूस पुरतो. पण एकट्याने ठरवलेला तमाशा पुढे पडला तर शिव्या एकट्याच्याच वाट्याला येतात, म्हणून जीप भरून माणसे निघतात. चैत्र पौर्णिमेसारख्या तिथीला अनेक गावांची जत्रा एकदम येते, भाव चढतो, घासाघीस लांबते. तोवर जीप दुसऱ्या गावच्या जीपच्या पुढे आडवी उभी असते आणि तिचा चालक सगळ्या राहुट्यांत शोधूनही सापडत नाही. तो रसवंतीत असतो.

जत्रेच्या दिवशी मुंबईकर येतात. या दोन तालुक्यांतली कितीतरी घरे डब्यांवर, माथाडी कामावर आणि बाजारातल्या गाळ्यांवर मुंबईत उभी राहिली. पण देव गावातच राहिला. काही जण माळशेज घाट चढून येतात, काही चाकणच्या कोंडीत अर्धा उपवास घडवून पुणे-नाशिक महामार्गाने येतात. मंचर, नारायणगावला बाह्यवळणे झाल्यापासून महामार्ग पुष्कळ सुटला. त्याचा परिणाम एवढाच, की पूर्वी वाटेत विखरून येणाऱ्या गाड्या आता गावाच्या कमानीपाशी एकत्र पोहोचतात. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला बाह्यवळण नाही. तिथे दोन्ही बाजूंना पाळणे, भेळ, रेवड्या, प्लास्टिकच्या बंदुका, आणि मधे बैलगाडीच्या मापाचा रस्ता.

कमानीच्या आत गाडी नेण्याचा अधिकार मानपानाप्रमाणे ठरतो. मोठ्या वर्गणीदाराची गाडी सभामंडपाच्या सावलीत. फ्लेक्सवर ज्याचा चेहरा आहे, त्याची गाडी फ्लेक्सखाली. एका संध्याकाळी चार गावांना भेट देणाऱ्या पुढाऱ्याच्या गाड्या कुठेच लावल्या जात नाहीत. त्या इंजिन चालू ठेवून रस्त्यातच उभ्या राहतात, कारण साहेब पाच मिनिटांत निघणार असतात. साहेबांचा सत्कार, नारळ, फेटा आणि दोन शब्द या पाच मिनिटांत बसवले जातात. पाळण्यात वर गेलेले मूल तेवढ्या वेळात दोनदा उतरून पुन्हा बसून येते.

बाकीच्यांसाठी स्वयंसेवक असतो. वय सोळा-सतरा, छातीला कमिटीचा बिल्ला, तोंडात शिट्टी, एका हातात बर्फाचा गोळा. त्याला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे त्याच्या सूचनांत कसलीही शंका नसते. 'येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या.' गाडी मागे सरकत राहते. काच खाली करून चालक विचारतो, 'बांध आहे का रे मागं?' उत्तर येते, 'येऊ द्या ओ, लई जागा हाये.' आणि खण्णकन आवाज झाला की मग, 'बास!' जुन्नरी प्रयोगात 'बास' हा इशारा नसून पंचनामा असतो. बांध सहसा तिसऱ्याच माणसाचा निघतो आणि तो माणूस सहसा तिथेच उभा असतो.

दुसऱ्या दिवशी घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या चढत्या धावपट्टीवर, याच्या नेमके उलटे चित्र दिसते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. इतक्या लढाईनंतर मिळालेली गोष्ट गाव शिस्तीने करते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाला पशुवैद्यकाचा दाखला, निशाण, घड्याळ, बारीचा म्हणजे प्रत्येक गाड्याच्या धावेचा क्रम. पुढे घोडी, मागे चार बैल, 'झाली… भिर्रर्र' आणि बारी बारा-तेरा सेकंदांत घाटाच्या माथ्यावर. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावरून भांडण होते. एवढीच वाट खाली रस्त्यावर मोटारीने काटायला दोन तास लागतात, आणि त्याची नोंद कोणतेही घड्याळ घेत नाही. मुळात आता घाटाचा बैलही जत्रेला चालत येत नाही. तो पिकअपमध्ये उभा राहून येतो. एका गाड्याला चार बैल आणि घोडी, म्हणजे पिकअपही एकाहून अधिक. जो कधी काळी वाहन होता तो प्रवासी झाला, आणि त्याच्या वाहनालाही जागा हवी. त्यात मोठ्या घाटांत इनाम म्हणून दुचाक्या नि ट्रॅक्टर देतात. म्हणजे आल्या होत्या त्यापेक्षा जास्त गाड्या घाटातून परत निघतात.

आदल्या रात्रीच्या तमाशात गाडी लावण्याची कला थेट रंगमंचावर येते. गण, गवळण, बतावणी होऊन वग रंगात आलेला असतो. राजा निरपराध प्रधानाला सुळावर द्यायला निघालेला असतो आणि तेवढ्यात माइकवर चिठ्ठी येते: एमएच चौदा, पांढरी गाडी, ज्यांची असेल त्यांनी काढावी, मागे दुधाचा टेम्पो अडकला आहे. पांढरी म्हटल्यावर निम्मे मैदान उठते. राजा तलवार हातात धरून थांबतो. मग अकराशे रुपये बक्षीस देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, आणि प्रधानाला आणखी थोडे आयुष्य मिळते.

गाडी शोधायला उसाच्या कडेने जावे लागते, आणि हा मुलूख बिबट्यांचा. रात्री एकट्याने फिरू नये, बॅटरी बाळगावी, मोठ्याने बोलत जावे, असे वन विभाग सांगत असतो. ही सूचना जत्रेकरू न सांगता पाळतात. पंधरा माणसे, पंधरा मोबाइलचे उजेड, आणि 'मी म्हणत होतो हितं लावू नको' हे वाक्य खच्चून.

शेवटचा अडथळा महावितरणच्या वेळापत्रकातून येतो. शेतपंपाला थ्री फेज अनेकदा रात्रीची असते. पंपाच्या मोटारीला ऑटो बसवलेले असते, वीज आली की पंप आपोआप सुरू होतो आणि मालक तमाशात पुढच्या रांगेत असतो. दोन वाजता वीज येते, गाड्या टेकून बांध फुटलेलाच असतो, पाणी शेजारच्या पडीकात उतरते. सकाळी चिखलात चाकांच्या वरपर्यंत रुतलेल्या पंचवीस-तीस गाड्या दिसतात, आणि तिकडे हजेरीची ढोलकी कडाडत असते. मग ट्रॅक्टर बोलावला जातो. तो आदल्या वर्षी घाटात इनाम मिळालेला असतो, अजून पुढच्या बाजूला वाळलेला हार लटकतो आहे. एक गाडी ओढायचे पाचशे. मुंबईकर म्हणतो, वर्गणी दिली आहे. ट्रॅक्टरवाला म्हणतो, ती देवाला.