केबलकाकांचे पडदे

पिंपळे गुरवात नाटकाचा पडदा बघायचा तर नटसम्राट निळू फुले रंगमंदिरात जावं लागतं, आणि तिथे तो प्रयोगाला जेमतेम दोन-चारदा हलतो. केबलकाकांच्या हॉलमध्ये मात्र एकाच मारव्यावरचा पडदा दर महिन्याला उठतो. अ‍ॅम्प्लिफायरला नवी पॉवर कॉर्ड लागली की वाक्य ठरलेलं: "ऐकलंत? पडदा बाजूला झाला!" मागच्या कॉर्डनेही पडदाच बाजूला केला होता, त्याआधीच्या कॉर्डनेही. इतक्या पडद्यांआडून गवयाचा आवाज मुळात बाहेर आलाच कसा, हे विचारायचं नसतं. फरक जाणवला नाही म्हणालात, तर कॉर्ड अजून "पिकली" नाही, दोनशे तास वाजू द्या. हेच काका चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला असतात. तिथे पुरवठादार "साहेब, हाताला बरोबर लागतंय" म्हणाला, तर त्याच्यापुढे मायक्रोमीटर ठेवून अख्खी लॉट परत पाठवतात. घरी आल्यावर मायक्रोमीटर संपतो आणि "कानाला कळतं" सुरू होतं.

काकांचाच मायक्रोमीटर त्यांच्या कॉर्डला लावू. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण बारा मिलीओहम. दोन मीटरची कॉर्ड म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, एका ओहमचा विसावा भाग. घरात गाणं ऐकताना अ‍ॅम्प्लिफायर शंभरेक वॅट खातो, म्हणजे अर्धा अँपिअरही नाही. कॉर्डमध्ये हरवतो तो व्होल्टचा चाळिसावा भाग. काका म्हणतील, तबल्याच्या थापेला अ‍ॅम्प्लिफायर करंट हिसकावून घेतो. घेऊ दे दहापट. तरी पाव व्होल्ट. महावितरणच्या 230 व्होल्टला वर-खाली सहा टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे चौदा व्होल्ट, आणि तेवढ्याने अ‍ॅम्प्लिफायरचं काही बिघडत नाही. आलेल्या विजेचं डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवूनच तो पुढचं काम करतो. तरी "शेवटचा मीटर महत्त्वाचा" हा मुद्दा येतोच. वीज येते डीपीवरून अ‍ॅल्युमिनियमच्या तारेने, मग मीटरपासून भिंतीतल्या वायरीने, आणि रोध साऱ्या वाटेचा मिळून मोजला जातो. शेवटच्या मीटरला चांदी वापरणं म्हणजे रावेतच्या बंधाऱ्यातून आलेल्या पाण्यासाठी स्वयंपाकघरात सोन्याची तोटी बसवणं.

प्लगची गोष्ट याहून रंगतदार. जर्मन पद्धतीचा, चकचकीत मुलाम्याचा प्लग आपल्या गोल भोकांच्या सॉकेटात नीट बसत नाही, म्हणून मध्ये पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर येतो. त्या प्लगचं अर्थिंग पिनेत नसून कडेच्या पट्ट्यांत असतं; पुष्कळशा कन्व्हर्टरांत त्या पट्ट्या कशालाच शिवत नाहीत. हजारोंचा प्लग आणि अर्थिंग शून्य! त्यापेक्षा तपकीर गल्लीतला आयएसआय मार्कचा पितळी थ्री-पिन बरा. त्याची अर्थची पिन जाड आणि लांब असते, ती सगळ्यांत आधी टेकते आणि सगळ्यांत शेवटी सुटते. अर्थिंगचा घोळ, सैल सॉकेट, सेट-टॉप बॉक्सच्या वायरीतून शिरणारी घरघर, या गोष्टी मात्र खरोखर ऐकू येतात. पन्नास हर्ट्झची ती घरघर पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर लागते, म्हणजे पांढरी एकवाल्या गवयाला फुकटचा चढा पंचम.

"पण मला फरक ऐकू येतो त्याचं काय?" हा काकांचा हुकमी आक्षेप. 2004 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोकडच्या हौशी मंडळींनी भारी आणि साधी कॉर्ड न सांगता बदलून ऐकली. बरोबर ओळखण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास, छापा-काट्याइतकंच आलं. तरीही काका खोटं बोलत नाहीत. नवी कॉर्ड लावली की ते मोबाईल आत ठेवतात, टीव्ही बंद करायला लावतात, पंखा बंद करतात आणि ताठ बसून तीच बंदिश पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतात. पडदा खरंच बाजूला होतो. फक्त तो पंख्याचा असतो.

इथे काकांविषयी थोडं बरं बोलणं भाग आहे. कंपनीच्या बसमध्ये रोज अडीच-तीन तास घालवणाऱ्या माणसाला घरी "मला अर्धा तास गाणं ऐकायचंय" म्हणायची सोय नसते; लगेच दळण आठवतं, मुलाची फी आठवते. "कॉर्ड टेस्ट करायचीय" म्हटलं की ते काम होतं, आणि कामाला कोणी अडवत नाही. म्हणून कॉर्ड बदलत राहावी लागते. सुट्टी गुरुवारची, आणि महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात, तेव्हा त्या अर्ध्या तासातूनही किती उरतो बघा. एवढं करून आख्खा विलंबित ख्याल मध्ये न उठता ऐकणारा अख्ख्या विंगेत हा एकच. त्या घरघरीपायी इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट घट्ट करवून घेणारा आणि अर्थिंग मोजून घेणाराही हाच. सोसायटीच्या सभेत "अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी घातलं?" असं काका दरवर्षी विचारतात. सेक्रेटरी तो प्रश्न लिहून घेतात आणि अध्यक्ष पार्किंगचा विषय काढतात.