तळ उकरणारे आप्पा

आप्पा बोटीत पाऊल टाकत नाहीत, टाच टाकतात. कोयनेच्या जलाशयावर, बामणोलीच्या काठावर वासोटा किल्ल्याला निघालेली मंडळी फोटो काढण्यात, लाइफ जॅकेटच्या पट्ट्या सोडवण्यात गुंतलेली असतात. आप्पा तेव्हा बोटीच्या मधोमध उभे राहून टाचेनं तळ दाबत इंचाइंचानं पुढं सरकत असतात. एका जागी थांबतात, पुन्हा दाबतात, मान हलवतात.

"हितं दबतंय."

"बसा की आप्पा, रोज एवढी माणसं जात्यात," नावाडी म्हणतो.

"माणसं वरनं जात्यात. मी खालचं बोलतोय."

असा एक आप्पा प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. कुठं त्याला तात्या म्हणतात, कुठं अण्णा. कुणी जुनी जीप उघडून बसलेला असतो, कुणी व्हॉल्व्हचा रेडिओ. पाण्याच्या काठी हा गृहस्थ जन्माला आला की त्याच्या वाट्याला बोट येते. सातारा जिल्ह्यात पाणी अडवून ठेवलेलं आहे. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, बघाल तिकडं भिंत आणि मागं जलाशय. सांगलीत तेच पाणी सुटून येतं, आणि कधी कधी न विचारता उंबरठा ओलांडतं. म्हणून साताऱ्याकडचा आप्पा शांत, 'बघू पुढच्या मोसमाला' म्हणणारा. सांगलीचा आप्पा कायम घाईत असतो, कारण त्याच्या डोक्यात जुलैची तारीख असते. घाईत असूनही त्याचं काम संपत नाही, हा भाग वेगळा.

आमचे आप्पा सांगलीचे. साखर कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर रस, राब आणि वाफ यांचा हिशोब ठेवल्यामुळं त्यांचा डोळ्यांवर विश्वास नाही, काट्यावर आहे. बोट मात्र त्यांनी साताऱ्याकडून आणली. कुण्या हौशी माणसानं एके काळी धरणाच्या पाण्यावर स्की ओढायला आणलेली ती फायबरची बुटकी, रुंद स्पीडबोट. मागं दोर बांधायचा खांब, पोटात अजस्र इंजिन. कोयनेच्या पाण्यावर स्की खेळायला फारसं कुणी फिरकलं नाही आणि बोट काठावरच्या झाडाखाली नाक खाली करून पडून राहिली.

पाण्यावरच्या या स्कीचा उगम आप्पांना तोंडपाठ आहे. १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं दोन फळ्या घेतल्या, आईच्या भांड्यात पाणी उकळून त्यांची टोकं मऊ केली, वाकवली आणि बोटीमागं पाण्यावर उभा राहिला. या गोष्टीत आप्पांना पोराचं कौतुक कमी, आईचं जास्त. "भांडं दिलं बघ तिनं," हे वाक्य ते काकूंच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात म्हणतात.

बोट आणली तो दिवस निम्म्या जिल्ह्यानं पाहिला. ट्रॅक्टरमागं ट्रेलर, ट्रेलरवर बोट, बोटीत राखणीला आप्पा. कासच्या पठारावर फुलं बघायला आलेल्यांनी फुलं सोडून यांचे फोटो काढले. पेठ नाक्याला चहाला थांबले तर कुणीतरी विचारलं, "केवढ्याला दिली?" आष्ट्यात एकानं थेट मुद्द्यालाच हात घातला, "का वो, औंदा परत पूर येणार हाय का?" सांगलीच्या वाटेवर बोट दिसली की लोक पर्यटनाचं बोलत नाहीत, पावसाचं बोलतात.

पहिल्याच रविवारी आप्पांनी ग्राइंडर लावून तळ कापला. मी कुतूहलापोटी गेलो होतो. वरचा फायबरचा पापुद्रा निघाला आणि खालचं प्लायवूड दिसलं. दिसलं म्हणजे काय, ते आता प्लायवूड उरलंच नव्हतं. काळा, ओलसर भुगा. बोटानं उचलावा आणि नस्याच्या डबीत भरावा इतका बारीक. त्याखाली लांबीला दोन तुळया, त्याही बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ. तुळयांच्या मधल्या कप्प्यांत फोम. आप्पांनी त्यातला मूठभर तोडून माझ्या हातात दिला. "पीळ." पिळला. मनगटावरून कोपरापर्यंत पाणी ओघळलं. त्या पाण्याला शेवाळ, डिझेल आणि बंद गोठा यांचा मिळून एक वास होता. कप्प्यात एक चमचा निघाला, लहान मुलाचा एका पायाचा सँडल निघाला आणि मुंग्यांचं सुखात नांदणारं गाव निघालं.

"कुजली पाण्यात न्हाई, झाडाखाली कुजली," आप्पांनी निदान केलं. ते बरोबर होतं. खुर्च्या बसवताना कुणीतरी तळातून स्क्रू मारले होते आणि भोकं बुजवली नव्हती. ताडपत्री फाटली, पावसाचं पाणी भोकांतून उतरलं. नाक खाली असल्यानं मागच्या बुचापर्यंत ते पोचलंच नाही. तुळयांतून पाणी वाहायला ठेवलेल्या वाटा फोमनं बंद केलेल्या. हरिपूरच्या जुन्या पेवांत जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची. इथं जमिनीच्या वर, हवेशीर जागी, पाणी साठवायचं पेव तयार झालं होतं. त्यात पाऊस गोडा. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी फारशी धरत नाही, गोड्या पाण्यात ती आनंदानं संसार थाटते.

निघालेला फोम आप्पांनी फेकला नाही. पोत्यांत भरून मार्केट यार्डातल्या ओळखीच्या अडतीवर नेला आणि हळदीच्या काट्यावर वजन केलं. कोरडा फोम घनफुटाला किलोभर भरतो. हा भरला त्याच्या कितीतरी पट. हमाल म्हणाला, "आप्पा, माल लई वला हाय. भाव पाडून मिळंल." आप्पांनी आकडा वहीत लिहून घेतला. बोट इतकी वर्षं अंगावर किती पाणी बाळगून होती, ते त्यांना कळायला हवं होतं. कशाला, ते विचारायचं नसतं.

मात्र फोमचा हिशोब त्यांनी मांडला की ऐकत राहावं. घनफूटभर पाणी साधारण अठ्ठावीस किलोचं. तेवढाच फोम पाण्याखाली दाबला तर तो सत्तावीसेक किलो वर तोलून धरतो. लाकडी होडी पाण्यानं भरली तरी तळाला जात नाही, लाकूडच तरंगतं. फायबर पाण्यापेक्षा जड, त्यात इंजिनाचं धूड. पाणी भरलं की सरळ खाली. म्हणून तिच्या पोटात बारीक बंद फुग्यांचा फोम भरून ठेवायचा. अमेरिकेत वीस फुटांच्या आतल्या बहुतेक बोटी अशाच बनवाव्या लागतात, भरल्या तरी बुडता कामा नयेत. कृष्णेवरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याला आप्पांनी हे सगळं समजावलं. त्यानं तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आधी बुडणारी बोट करायची, मग ती बुडू नये म्हणून फुगं भरायचं?"

आप्पांनी त्या दिवशी जेवण कमी केलं.

त्यांना खरा त्रास साताऱ्याच्या व्याह्यांकडून. तेही याच पंथाचे, पण वेगळ्या शाखेचे. त्यांचं म्हणणं, फोम घालूच नये, हवाबंद कप्पे ठेवावेत; नाहीतर थर्माकोल घाला, स्वस्त पडतो. थर्माकोलचं नाव काढल्यावर आप्पांनी वाटीत पेट्रोल घेतलं, थर्माकोलचा तुकडा बुडवला आणि तो विरघळून चिकट लगदा होईपर्यंत व्याह्यांना उठू दिलं नाही. पेट्रोल बोटीच्या तळात कधी ना कधी सांडतंच. मुलीच्या सासऱ्यांचा असा पाहुणचार काकूंना आवडला नाही. हवाबंद कप्प्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, असं माझं मत आहे, पण मी ते त्या घरात बोलत नाही.

प्लायवूडच्या दुकानात आप्पांनी आयएस ७१०चा शिक्का मागितला. दुकानदार म्हणाला, "मरीनच आहे हो, सगळे किचनला हेच लावतात." महाराष्ट्रात मरीन प्लायवूडचं नशीब हेच, बहुतेक आयुष्य सिंकखाली जातं. पण आयएस ७१०मध्ये बसायचं तर तुकडा बहात्तर तास उकळून थर सुटता कामा नयेत, हे आप्पांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी हातभर तुकडा घेतला आणि काकूंचं पुरणाचं पातेलं. तीन दिवस, तीन रात्री गॅसवर पाणी उकळत होतं. आप्पा रात्री उठून पाण्याची भर घालत. शेजारच्यांना वाटलं, घरात कुणाला तरी वाफ देताहेत. तिसऱ्या संध्याकाळी तुकडा निघाला, थर घट्ट. पातेल्याला मात्र जो तपकिरी रंग चढला तो चिंच, राख, लिंबू कशानंही उतरला नाही. "सॅम्युएलसनच्या आईनं काय केलं असंल?" आप्पांनी विचारलं. काकूंनी नवीन पातेलं मागितलं, आणि सिलिंडरचे पैसे वेगळे.

रेझिनचं काम मे महिन्यात काढायचं नसतं. गणपतीचे देखावे आणि पाण्याच्या टाक्या करणारा फायबरवाला हे ओरडून सांगत होता. सांगलीच्या उन्हात हार्डनर थोडा जास्त पडला की रेझिनचा मगातच दगड होतो. असे दगड झालेले मग आप्पांच्या कंपाउंडवर ओळीनं मांडलेले आहेत. काकूंनी एकात निवडुंग लावायचा प्रयत्न केला. घासकामातली फायबरची धूळ अंगात शिरल्यावर आप्पांना खाज सुटली आणि अंथरूण ओसरीवर आलं. त्यांचे बनियन अजून वेगळ्या बादलीत भिजतात.

मग फोम ओतायचा दिवस. दोन पातळ द्रव, समसमान मोजायचे, घोटायचे आणि काही सेकंदांत तळातल्या भोकातून ओतायचे. ते आत पंचवीसेक पट फुगतात. एकदम सगळं ओतलं तर मधला गाभा तापतो आणि फुगताना बोटीचं अंगच वाकडं करतो, म्हणून थराथरानं. आप्पांना हे सगळं माहीत होतं. माहीत नव्हता तो फक्त त्या दुपारचा उष्मा. घोटता घोटताच मिश्रण डब्यातून वर आलं, आप्पांच्या हातावरून मनगटावर आलं, ओट्यावर सांडलं आणि तिथंच थिजलं.

"उतू गेलं," काकू दारातून म्हणाल्या, "शुभ असतं." आणि खरंच हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या.

तो फोम कातडीला धरला की निघत नाही, कातडीबरोबरच निघतो. दुसऱ्या दिवशी मिरजेला लग्न होतं. आप्पांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. मांडवात सगळ्यांची समजूत झाली की आप्पा मुलीकडचे, सकाळीच हळद लावून आलेले. त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं आणि आहेरही दिला. तो त्यांनी परत केला की नाही, हे मला कळलेलं नाही.

एका गोष्टीची मात्र आप्पा थट्टा करत नाहीत आणि दुसऱ्यालाही करू देत नाहीत. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. बोटीत बसली होती तिच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त. फोम अशा वेळी उलटणं थांबवत नाही, हे आप्पाच सांगतात. म्हणून त्यांच्या बोटीवर सगळ्यात आधी पूर्ण झालेलं काम तळाचं नाही, रंगाचं. दोन्ही कुशींवर, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलंय: माणसं फक्त ५. बोट अंगणात ताडपत्रीखाली असताना गल्लीतली सहा पोरं तिच्यात खेळायला चढली, तेव्हाही आप्पांनी एकाला खाली उतरवलं. सगळ्यात लहान पोरगं उतरलं नाही, म्हणून सगळ्यात मोठं उतरवलं.

पावसाच्या तोंडावर बोट तयार झाली. कृष्णेच्या माई घाटावर बघ्यांची जत्रा जमली. लोकांना वाटलं, आता आप्पा इंजिन सुरू करणार. पण इंजिन घरीच होतं. त्याच्या जागी आप्पांनी त्याच्याच वजनाची वाळूची पोती ठेवली होती, मोजून. बोट वल्ह्यानं चार हात आत नेली, आप्पा मागं वाकले, बुडातलं बूच काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

धुणं धुणाऱ्या एका बाईला ते पहिल्यांदा दिसलं. "आवो आप्पा, पाणी शिरतंय!"

"शिरू दे की."

दोन पोरांनी अंगातले शर्ट काढून उड्या टाकल्या, एकानं फायर ब्रिगेडला फोन लावला. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, बाकावर बसलेल्या आप्पांच्या कमरेला आलं आणि तिथं थांबलं. बोटीच्या कडा पाण्याला टेकल्या होत्या. आप्पा नदीत, पाण्यात बसल्यागत बसून, खिशातल्या वहीत लिहायला बघत होते. वही भिजलेली होती. "मागं दोन बोटं कललीय," ते ओरडले. "आनि एक घनफूट लागंल."

म्हाताऱ्या नावाड्यानं घाटावरून हात केला. "झाली की आता लाकडाची!"

बोट ओढून काठाला आणली तेव्हा काकू पायऱ्यांवर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आप्पांकडं पाहिलं नाही, तळाकडं पाहिलं. तिथल्या नव्या तुळतुळीत फायबरवरून कृष्णेचं पाणी अजून बुचाकडं वाहत होतं.

"अहो, आणि खालचं ते प्लायवूड?"

"सगळ्या कडा रेझिननं बंद केल्यात. थेंब जायचा न्हाई."

"कशावरून?"

आप्पांनी टॉवेलनं डोकं पुसलं. टाच तळावर ठेवली. दाबली. पुन्हा दाबली.

"एक बारकं भोक पाडून बघतो."

"एकच," काकूंनी बजावलं.